टेपकाकूंची परदेशी मापं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका शिंपीणबाईंचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, दोन मशीन आणि एक आरसा, ज्यात कुणीही जरा बारीकच दिसतं. गळ्यात टेप नसलेल्या या बाईंना कुणी कधी पाहिलेलंच नाही, म्हणून त्या टेपकाकू. तीस वर्षं मापं घेऊन माणसांबद्दल त्यांचं एकच मत पक्कं झालं होतं: माणूस वयाबद्दल एखाद्या वेळी खोटं बोलतो, कमरेबद्दल नेहमीच.

काकूंची लेक परदेशी शिकायला गेली आणि तिथे एका कुटुंबाकडे वर्षभर राहिली. तिला पदवी मिळणार त्या सुमाराला त्या घरच्या बाईंनी काकूंनाच बोलावलं, या आणि पंधरा दिवस आमच्याकडेच राहा. काकूंनी आधी पासपोर्ट काढला आणि मग डोक्याला हात लावला. ज्यांनी आपली पोर सांभाळली, त्यांच्या दारात रिकाम्या हाताने कसं जायचं?

सल्ल्यांना तोटा नव्हता. दिरांचं म्हणणं पडलं की भिंतीवरचं घड्याळ द्यावं. त्यांच्याकडे घड्याळं नसतात का, असं काकूंनी विचारल्यावर ते वर्तमानपत्र वाचू लागले. शेजारणीने पितळेचं हरीण आणून दिलं. ते तिला नणंदेने दिलेलं, नणंदेला तिच्या लग्नात कुणीतरी दिलेलं. त्या हरणाने तीन घरं पाहिली होती आणि तिन्ही ठिकाणी माळ्यावरच दिवस काढले होते. काकू म्हणाल्या, “आपल्याला नको ते दुसऱ्याला द्यायचं, ही भेट नव्हे, साफसफाई.” शेजारीण आठवडाभर बोलली नाही.

शेवटी काकूंनी लेकीला फोन लावला आणि घरातल्या सगळ्यांची मापं मागितली. लेक चरकली. तिकडे असं कुणाची कंबर विचारलेलं बरं दिसत नाही, म्हणाली.

“अंदाजाने शिवून नेलं तर ते बरं दिसेल का?” काकू म्हणाल्या.

मापं आली, सोबत एक फोटोही आला. यजमान, त्यांची बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. यजमानांनी कंबर चौतीस लिहिली होती. काकूंनी फोटो उजेडात धरला. गृहस्थांचा पट्टा पोटाखाली कुठेतरी बेपत्ता होता. काकूंनी त्यांचं जाकीट चाळीसच्या हिशेबाने कापलं, वर शिवणीत चांगली माया ठेवली, म्हणजे माणूस आणखी सुटला तर उसवून सैल करता यावं.

तिकडे पोचल्या त्याच संध्याकाळी पिशवी उघडली. बायकोचा झगा बसला, मुलीचा फ्रॉक बसला. जाकिटाची बटणंही सुखाने लागली, तसे यजमान बायकोकडे वळून म्हणाले की बघ, चौतीसच आहे. लेकीने ओठ चावून भाषांतर केलं. आपल्याला ही भाषा येत नाही याचा काकूंना पहिल्यांदाच आनंद झाला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून काठी टेकत एक म्हातारी आली. यजमानांची आई. फोटोत ती नव्हती, कारण फोटो तिनेच काढला होता. तिने तिघांचे कपडे पाहिले, मग काकूंची रिकामी पिशवी पाहिली, हसून मान डोलावली आणि परत गेली. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खोलीत गेल्यावर लेकीची हजेरी घेतली. आजीबाईंना काही नको असतं, त्या स्वतःच तसं म्हणतात, असं लेक म्हणाली.

“नको म्हणणाऱ्याचं माप आधी घ्यायचं असतं,” काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून निळं लोकरी कापड आणलं. मशीन म्हाताऱ्या बाईंच्याच पलंगाखाली निघालं, धूळ खात पडलेलं. लेक कॉलेजात, बाकीचे कामावर आणि शाळेत, तेव्हा दोघींचं सगळं बोलणं हातांनी चाललं. आजीबाईंना बाह्या लांब हव्या होत्या, कफ रुंद हवा होता आणि डाव्या कफाच्या आत एक चपटा खिसा हवा होता. तळहात दाखवून त्यांनी खिशाचं मापही दिलं. रुमालासाठी असेल, काकूंना वाटलं.

तिसऱ्या दिवशी झगा तयार झाला आणि दुपारी आजीबाईंच्या तीन मैत्रिणी पत्ते खेळायला आल्या. हरणारीने सगळ्यांच्या कपबशा धुवायच्या असा त्यांचा नियम होता. काकू शेजारी बसून उरलेल्या कापडाची पिशवी शिवत होत्या. तिसऱ्या डावात इस्पिकची राणी अलगद आजीबाईंच्या कफात गेली आणि पुढच्या डावात, गरज पडताच, बाहेर आली. काकूंची सुई जागीच थांबली. आजीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि शांतपणे एक डोळा मिटला. काकूंनी मान खाली घातली आणि पुढचा टाका घातला. मैत्रिणींतली सगळ्यात भोळी बाई कपबशा धुवायला उठली, तेव्हा मात्र काकूंना राहवेना. त्या जाऊन तिने धुतलेल्या कपबशा पुसू लागल्या.

रात्री हे ऐकून लेक हादरली. तू फसवणुकीला हातभार लावलास, म्हणाली.

“मी बाहीला खिसा लावला,” काकू म्हणाल्या. “गिऱ्हाईक त्यात काय ठेवतं ते मी विचारत नाही.”

पदवीचा समारंभ झाला, काकू परत आल्या. लेकीला तिकडेच नोकरी लागली आणि ती त्याच घरात राहिली. दोन महिन्यांनी तिने फोनवर सांगितलं की आजीबाईंच्या मैत्रिणींना निळा झगा फार आवडलाय, तिघींनाही तसाच हवाय. मापं तिने लिहून घेतली होती. शिवाय तिघींनी एकेकट्या येऊन, दुसरीला सांगू नकोस अशी ताकीद देऊन, डाव्या कफातला खिसा मागितला होता.

काकूंनी त्याच दुपारी दुकानातली बाकीची शिलाई बाजूला सारली आणि कापड पसरलं. तीन झगे तीन रंगांचे केले. तिन्ही खिसे मात्र आजीबाईंच्या खिशाच्या मापाचेच ठेवले. कुणावर अन्याय नको, म्हणाल्या.