माझा चंद्र, त्याचा गुरुवार

त्या बुधवारी आमच्या बहरीनमधल्या, हमद टाउनच्या घरात सण झाला आणि मी जेवलो नाही. टेबलाच्या एका टोकाला मुलगा पुस्तकातलं वाचत होता, मध्ये खोक्यातून आलेली बिनखमिराची पोळी होती, सून सगळ्यांना वाढत होती. मी माझ्या खोलीत दार उघडं ठेवून बसलो होतो. दार लावलं असतं तर रुसलो असं झालं असतं. मी रुसलो नव्हतो. माझा सण दुसऱ्या दिवशी होता.

आम्ही कोकणातले शनवार तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. बाहेरचे आम्हाला यहुदी म्हणतात. माझी आई अक्षर वाचायची नाही, पण सण चुकायची नाही. अंगणात उभी राहून कोवळा चंद्र बघायची आणि तिथून रात्री मोजायची. मग आंबटाच्या मडक्याचं तोंड फडक्याने बांधून वर ओली माती थापायची, म्हणजे आठ दिवस घरात फुगलेलं, आंबलेलं काही शिवायचं नाही. आम्ही त्याला मडकं झाकायचा सणच म्हणायचो. मीही चौथीपर्यंतच शिकलो. या मुलखात सुतारकाम करत म्हातारा झालो आणि सण तिच्यासारखाच धरतो. या खेपेस ज्या संध्याकाळी कॅलेंडरवाल्यांचा महिना लागला त्या संध्याकाळी धुळीने आभाळ भरलं होतं. चंद्र मला दुसऱ्या दिवशी दिसला, मशिदीमागे, सुरीच्या पात्यासारखा. म्हणून माझे दिवस एकाने मागे.

मुलगा म्हणाला, "पप्पा, हिशोब पक्का असतो. डोळ्यांचं काय घेऊन बसलात?"

मी म्हटलं, "इथे अख्खा मुलूख रमजानचा चंद्र डोळ्यांनी शोधतो, त्यांना कोणी वेडं म्हणत नाही. मी शोधला तर वेडा?"

जेवणं झाल्यावर सून माझ्या दाराशी आली. ती ईसा टाउनच्या शाळेत शिकवते, वाचनाचा नाद आहे. म्हणाली, "पप्पा, तुम्ही म्हणजे एक स्वतंत्र पंथच झालात."

"आपल्यात पंथ नाहीत," मी म्हटलं.

"होते. दोन हजार वर्षांपूर्वी एक पंथ देवळातल्या पुजाऱ्यांशी भांडून खाऱ्या समुद्राच्या काठी वाळवंटात जाऊन राहिला. ते वर्ष सूर्यावर मोजायचे. त्यांचा हा सण दरवर्षी एकाच वारी यायचा. देवळाचा सण एका दिवशी, यांचा वेगळ्या. जेवायलासुद्धा बाहेरच्याला पंगतीत घ्यायचे नाहीत."

"मग कुठे गेले ते?"

"संपले," ती म्हणाली. जरा थांबून तिने जे सांगायचं होतं ते सांगितलं. "अच्चायन परवा, शुक्रवारी जातायत. व्हिसा खलास झाला. मार्केटात दिसले, बॅगेला बांधायची दोरी घेत होते. उद्या त्यांचा गुरुवार आहे, आणि त्यांच्याकडे भाकर कोण नेणार?"

अच्चायन म्हणजे केरळचा ख्रिस्ती. आमच्या वर्कशॉपमध्ये तो स्टोअर सांभाळायचा, खिळा मागितला तरी सही घ्यायचा. पुढे रजेच्या दिवशी मी त्याच्याकडेच जेवायला असायचो. त्यांच्यात ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी घरात बिनखमिराची तांदळाची भाकर करतात, वर झावळीचा क्रूस ठेवतात, आणि घरातला मोठा माणूस ती मोडून एकेकाच्या हातात देतो. त्यांचा ख्रिस्त मरणाच्या आदल्या रात्री असाच जेवला म्हणून. मागच्या वर्षी त्याच्या बायकोने मला वाढलं तेव्हा मी म्हटलं, हा तर आमचाच सण. तो म्हणाला, तुमचा होता, आता आमचा. मी म्हटलं, मग दिवस तरी नीट धरा. त्यावरून पेटलं. त्याच्याच पुस्तकांत दोन मतं आहेत, हे मला सुनेने नंतर सांगितलं. एकात ते जेवण सणाच्या रात्रीचं, दुसऱ्यात आदल्या रात्रीचं. त्या दिवशी माहीत असतं तर मी अजून भांडलो असतो.

मग त्याची बायको गेली. पेटी केरळला पाठवायच्या आधी मी मयताला जाऊन उभा राहिलो. तो बोलला नाही, मीही नाही.

आणि त्यांचा रिवाज असा, की ज्या घरात वर्षाच्या आत मयत झालं त्या घराने ती भाकर करायची नाही. दुसऱ्याने आणून द्यायची. मुलं कॅनडात. त्याच्या देवळात दोन तट पडलेले, हा दोन्हीकडे वाकडा, म्हणून दोन्हीकडचं कोणी येणार नव्हतं. त्या गुरुवारी भाकर गेली नाही तर तो बायकोच्या वर्षात उपाशी सण घेऊन देश सोडणार होता. आणि आम्ही काही आता पुन्हा भेटण्याच्या वयाचे नव्हतो.

गुरुवारी दुपारी मी सुनेला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. तांदळाची उकड काढली, हात भाजत मळली. पीठ पडून राहू द्यायचं नाही, मळलं की थेट तव्यावर. नारळाचं दूध काढून गूळ घातला, अच्चायनची बायको घालायची तसा. आंबट म्हणून सिरक्याची बाटली फडक्यात बांधून कपाटात ठेवली, कारण मडकं आता कुठून आणणार.

सून म्हणाली, "मी सोडते गाडीने."

"नको," मी म्हटलं. तिच्या गाडीतून उतरलो असतो तर तो म्हणाला असता, सुनेने पाठवलं.

सण लागल्यावर मी वाहनात बसत नाही, म्हणून सूर्य बुडायच्या आत पोचायचं होतं. बस अडकली. प्रत्येक गोल चौकात गाड्या, कोणी कोणाला जागा देईना. मांडीवर डबा गरम लागत होता आणि खिडकीत ऊन पिवळं होत चाललं होतं. मी ठरवलं, ऊन गेलं तर जिथे असेन तिथे उतरायचं आणि चालायचं. बाब अल बहरीनला उतरलो तेव्हा दुकानांच्या माथ्यावर थोडंसं उरलं होतं.

त्याने दार उघडलं. मागे खोली रिकामी, बॅगा दोरीने आवळलेल्या.

"मिस्त्री," तो म्हणाला. "तुझा सण तर काल झाला."

"पोरांचा झाला. माझा आज."

"अजून चंद्रच बघतोस?"

"तू अजून सही घेतोस का?"

तो डब्याकडे बघत राहिला. मी आत जाणार नव्हतो आणि तो 'ये' म्हणणार नव्हता. शेवटी तो म्हणाला, "काय आहे त्यात?"

"तुझ्या घरात यंदा जे करायचं नाही ते."

तो दारातून बाजूला झाला.

खुर्च्या विकल्या होत्या, जमिनीवर बसलो. त्याने खिशातून झावळीचा छोटा क्रूस काढला, मागच्या वर्षीचा, वाळलेला. भाकरीवर ठेवायला हात पुढे केला.

"माझ्या भाकरीवर नको," मी म्हटलं.

"मग ही माझी कशी?"

बराच वेळ त्याचा हात तसाच राहिला. मी डबा उचलून गेलो असतो तर त्याने अडवलं नसतं, हे मला दिसत होतं. मग त्याने क्रूस बायकोच्या फोटोपुढे ठेवला. मी नारळाच्या दुधाची वाटी फोटोपुढे सरकवली.

आता आधी कोण म्हणणार? घर त्याचं, भाकर माझी. मी मला येते तेवढी आमची प्रार्थना सुरू केली, त्याने त्याची. कोणी थांबेना, आवाज चढत गेले. त्याची लांब निघाली, म्हणून मी माझी पुन्हा म्हटली. दोघांची संपली तेव्हा त्याने भाकर मोडली आणि मोठा तुकडा माझ्यापुढे धरला. मी तो दोन हातांनी घेतला नाही, एका हाताने घेतला. पण घेतला. तोंडात घातल्यावर तो म्हणाला, "गूळ कमी आहे." आणि रडायला लागला.

सुनेने एकदा सांगितलं होतं, त्यांच्या पहिल्या लोकांना देवळं नव्हती, घराघरांत जमून असंच जेवायचे. मी त्याला सांगितलं नाही. पुन्हा वाद झाला असता.

एक भाकर उरली. आमच्यात त्या रात्रीचं सकाळपर्यंत उरवायचं नाही. मी म्हटलं, "अर्धी अर्धी संपवू."

"नको," तो म्हणाला. "ही मी केरळला घरी नेणार. तिथेही यंदा कोणी केली नसेल. तिच्या थडग्याजवळ ठेवीन."

"सकाळपर्यंत ठेवता येत नाही. मी केलेली आहे."

"माझ्या घरात आली आहे."

दोघांचेही हात डब्यावर होते. आई असती तर तिने तो घास त्याच्या तोंडात कोंबला असता. मी हात काढला. म्हटलं, "चंद्र पूर्ण आहे का बघून येतो," आणि गॅलरीत गेलो.

सोन्याच्या दुकानांवर तो वर आला होता. एका कडेला किंचित झिजल्यासारखा वाटला, पण धुळीत खरं काय दिसतं. मागे चांदीच्या कागदाचा आवाज येत होता, घडी घालावी तसा, सावकाश.

"पूर्ण आहे का?" त्याने आतून विचारलं.

"आहे," मी म्हटलं. कागदाचा आवाज थांबेपर्यंत मी मागे वळलो नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच मी धरतो.