अक्कांची रांग

आमची मराठी मंडळी जयनगरातल्या एका कन्नड चर्चमध्ये भरते. सकाळची त्यांची उपासना आटोपली की दुपारी आमची. बहुतेक जण बेळगाव-निपाणीकडचे, नोकरीसाठी बेंगळूरला आलेले. मीही त्यातलीच. उपासनेनंतरचा चहा माझ्याकडे असतो. चारचौघांत प्रार्थना करायची म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून मी आपण होऊन किटली धरली.

प्रार्थनेचं कृपादान, म्हणजे देवानं दिलेली खास देणगी, होतं ते अक्कांकडे. अक्का म्हणजे निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, मुलगा परदेशी. त्यांनी डोक्यावर हात ठेवला की ताप उतरतो, मुलाखत चांगली जाते, अशी सगळ्यांची खात्री. उपासना संपली की त्यांच्यासमोर रांग लागायची. पाळक हसून म्हणायचे, "माझ्या उपदेशाला झोपतात आणि अक्कांकडे धावतात!" अक्का म्हणायच्या, "देणारा देव आहे, मी नुसती हाक मारते." पण हाक त्यांनीच मारावी, असा सगळ्यांचाच हट्ट.

गेल्या वर्षी अक्का न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या दिवशी मी रजा काढून त्यांच्याजवळ थांबले. आधी प्रार्थना करायला पाळक आनेकलहून निघाले होते. त्यांचा फोन आला, "होसूर रस्त्यावर बस जागची हलत नाहीये."

"मग तू कर," अक्का म्हणाल्या.

"मी? अक्का, मी चहावाली!"

"माझा पाय मोडलाय गं, मला निवडायला वेळ नाही."

मी त्यांचा हात धरला. "प्रभू," म्हटलं, आणि पुढे काही सुचेना. "प्रभू, ह्या अक्का. ह्यांचा पाय..." परत गाडी अडली. तेवढ्यात न्यायला आलेली नर्स घड्याळाकडे बघत म्हणाली, "सरी अक्का, आमेन हेळी, टाइम आय्तु." आमेन म्हणा, वेळ झाली! अक्का खुदकन हसल्या, मीही हसले, आणि हसत हसतच त्यांना आत नेलं. पाठीमागे मात्र माझे डोळे भरून आले.

ऑपरेशन छान झालं. मग अक्का कितीतरी दिवस पलंगावर. मंडळीतल्या यशवंतपूरच्या वहिनी ज्वारीच्या कण्या शिजवून आणायच्या. उपासनेत कीबोर्ड वाजवणारे अण्णा येऊन गाणी म्हणायचे. वाजवतात सुरेख, गळा मात्र बेसूर. जाताना प्रत्येक जण चाचरत का होईना, प्रार्थना करायचा. कुणी एका वाक्यात उरकायचं, कुणी मध्येच कन्नडमध्ये शिरायचं.

एका संध्याकाळी अक्का मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मी दुसऱ्यांसाठी डोळे मिटले. माझ्यासाठी कुणी प्रार्थना केली की मला कसं अवघडल्यासारखं व्हायचं. आता मात्र वाट बघते. मंडळीला आपण ख्रिस्ताचं शरीर म्हणतो ना? मग एकटा हातच किती दिवस राबणार?"

वॉकर धरून अक्का पुन्हा चर्चमध्ये आल्या त्या रविवारी टाळ्याच पडल्या. उपासना संपताच नेहमीची रांग लागली. अक्का खुर्चीत बसल्या आणि एकेकाची वाटणी करू लागल्या.

"नोकरी गेली? त्या अण्णांकडे जा. त्यांचीही गेली होती, त्यांना ठाऊक आहे कसं वाटतं ते."

"बाळ झोपत नाही? वहिनींना विचार. जुळी वाढवलीत त्यांनी."

अण्णा गडबडले. "अक्का, मला तुमच्यासारखं कुठं जमतंय?"

"माझ्यासारखं कशाला? तुमच्यासारखं करा. मी इथंच आहे, आमेन म्हणायला."

ऑपरेशनला घाबरलेली एक मुलगी त्यांनी माझ्याकडे धाडली. मी किटली खाली ठेवली.

थोड्या वेळात चर्चभर दोघा-तिघांचे घोळके झाले. कुजबुज, मध्येच हसू, कुठंतरी हुंदका. पाळक एका खांबाशी स्वतःसाठी प्रार्थना करवून घेत डोळे मिटून उभे होते. कन्नड चर्चचे रखवालदार किल्ल्या घेऊन दाराशी आले, बघत राहिले आणि हळूच अक्कांजवळ आले. आपल्या लेकीचं लग्न ठरत नाही, म्हणाले. अक्कांनी एकटीनंच त्यांच्या डोक्यावर हात ठेवला नाही. त्यांनी वहिनींना हाक मारली, मला बोलावलं, अण्णांना बोलावलं. आम्ही सगळ्यांनी मिळून रखवालदारांच्या खांद्यावर हात ठेवले. कुणी मराठीत बोललं, कुणी कन्नडमध्ये. त्या दिवशी चर्चला कुलूप लागायला बराच उशीर झाला, आणि रखवालदारांनी एकदाही तक्रार केली नाही.