इंगाबाईंचे नवापुरातले तीन आठवडे

पाहुणा तीन दिवस राहिला तर आठवणी घेऊन जातो. तीन आठवडे राहिला, तर जाताना आपल्याकडेच किश्श्यांचा ढीग टाकून जातो!

गोष्ट इंग्रजी अमदानीतली. मी नवापूरच्या शाळेत नवाच मास्तर होतो. डेन्मार्कच्या इंगाबाई, साठीच्या, निवृत्त शिक्षिका, एकट्याच जग बघायला निघाल्या होत्या. मुंबईला जायचं सोडून मध्येच नवापूरला उतरल्या. का? तर आगगाडीच्या खिडकीतून डोंगर आवडले! दिवाळीची सुट्टी होती आणि मला इंग्रजी यायचं, म्हणून मी त्यांचा दुभाषा झालो. फिरायला सुपडूची बैलगाडी. बाई मनात येईल ते तोंडावर बोलायच्या, आणि मग वहीत लिहायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "विसरवाडी किती लांब?"

सुपडू म्हणाला, "हाई काय, जवळच शे."

दुपार टळली तरी गाडी चाललेलीच. बाईंनी वही काढली आणि मला वाचून दाखवलं, "जवळ म्हणजे, जिथे पोचेपर्यंत बैल तक्रार करत नाहीत ते अंतर."

सुपडूला अर्थ सांगितला. तो गंभीरपणे म्हणाला, "बराबर लिखं बाईनी."

रस्त्यात जो तो विचारायचा, "कथा जाई ऱ्हायनी बाई?" म्हणजे, कुठे चाललात? बाई आधी चिडल्या. "हे सगळे पोलीस आहेत का? आमच्याकडे शेजारीसुद्धा असं विचारत नाही!"

मी म्हटलं, "बाई, हा आमचा नमस्कार आहे."

झालं! दुसऱ्या दिवसापासून बाईच सगळ्यांना विचारायला लागल्या. एकदा समोरून घोड्यावर एक बडे अंमलदार आले. मी "नको नको" म्हणेपर्यंत बाई ओरडल्या, "कथा जाई ऱ्हायना, भाऊ?"

साहेब दचकले आणि खरं बोलून गेले, "सासरवाडीला!"

मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मास्तर, कचेरीच्या लेखी मी पीकपाहणीला गेलोय हं!"

बाजारात एका मारवाडी शेठजींचं दुकान होतं. बाईंना झग्याला एक बटण हवं होतं. शेठजींनी गादीवर बसवलं, चहा मागवला, आई-वडील, गाव, थंडी, गाई-म्हशी, सगळं विचारून घेतलं. शेठाणी आतून येऊन भेटून गेल्या. पुन्हा चहा. दोन तासांनी आम्ही उठलो, आणि बटण राहूनच गेलं!

दुसऱ्या दिवशी बाई ठणकावून म्हणाल्या, "आमच्या देशात दुकानदार आधी वस्तू देतो!"

शेठजींनी पुडी पुढे केली. "बटण तर कालच काढून ठेवलं होतं, बाई. पण दिलं असतं तर तुम्ही लगेच गेला असता ना!"

तिसऱ्या आठवड्यात मात्र सगळ्यांचं हसू पळालं. डोंगरातल्या एका पाड्यावर बाईंना सडकून ताप भरला. गाडीत बसवणं शक्य नव्हतं. रेशमीबाई नावाच्या, तिथल्या कोकणी आदिवासी जमातीतल्या बाईने त्यांना आपल्या झोपडीत निजवलं. मी आणि सुपडू क्विनीन आणायला नवापूरला धावलो. परतताना गाडीचा आस मोडला. एक अख्खा दिवस वाया! परक्या मुलखातली म्हातारी बाई, आणि तिचं बोलणं समजणारं तिथे कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो तर झोपडीतून हसण्याचा आवाज! आत बाई घोंगडीवर बसून पेज पीत होत्या. ताप उतरला होता. त्या त्यांच्या डॅनिशमध्ये बोलत होत्या, रेशमीबाई आपल्या कोकणीत. दोघींचे डोळे ओले होते. मी दुभाषा म्हणून पुढे सरसावलो, तर बाईंनी हातानेच गप्प बसवलं.

रेशमीबाई बाजारापुरती अहिराणी बोलायची. तिला बाहेर गाठून विचारलं, "काय बोलत होतात?"

"तिले धाकली बहीण शे. सात वरीस झायात, दोन्ही बोलतीस नही. मी तिले सांगं, तू मोठी, तूच पहिले जाय."

मी मनातल्या मनात हसलो. तीन आठवड्यांत बाईंनी मला कधी बहिणीचं नावही सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी बाईंना घेऊन निघालो. उतार उतरताना बाई म्हणाल्या, "मास्तर, मुंबईहून मी जपानला जाणार होते. आता नाही."

"का? अशक्तपणा वाटतोय?"

"छे! घरी जाते, धाकट्या बहिणीकडे. रेशमी म्हणाली ते मला पटलं."