मावशींचा हेवा

दौंडला मी ज्या दवाखान्यात नर्स होते, तो चर्चच्या ट्रस्टचा होता. मागच्या बाजूला रेल्वेचे रूळ. मालगाडी गेली की खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि स्टँडवरच्या सलाइनच्या बाटल्या हलायच्या. नवा पेशंट दचकायचा, आम्हाला ते ऐकूही यायचं नाही.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. दोन वॉर्डांची इन्चार्ज सिस्टर मी होते. सकाळी ड्युटी बदलली की वॉर्डांच्या मधल्या दारात उभं राहून मी प्रार्थना करायचे. हे काम मला कुणी नेमून दिलेलं नव्हतं, पण ते माझंच आहे असं सगळे धरून चालायचे आणि मीही. माझे वडील शिरूरला शिक्षक होते आणि पाळकसाहेब परगावी गेले की चर्चमध्ये उपदेश करायचे. आजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. प्रार्थना कशी सुरू करायची, आवाज कुठे खाली आणायचा, कोणतं वचन कुठे घ्यायचं, हे मी लहानपणापासून घरात ऐकत आले होते. पुण्याहून आलेल्या एक डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या होत्या, "सिस्टर, तुमची भाषा किती सुंदर आहे!" त्या एका वाक्यावर मी कितीतरी महिने काढले.

मग मावशी आल्या.

दवाखान्यातल्या सगळ्या आयांना मावशीच म्हणतात, पण पुढे पुढे नुसतं 'मावशी' म्हटलं की त्याच, असं झालं. इनामगावच्या बाजूच्या. त्यांच्या सासरी पूर्वी मेंढरं होती, आता घोडनदीच्या पाण्यावर शेती होती. बारा वर्षं संसार करून मूल झालं नाही, म्हणून नवऱ्याने दुसरी बायको आणली. त्यानंतर मावशी आजारी पडल्या आणि महिनाभर आमच्या दवाखान्यात राहिल्या. नवरा एकदाही आला नाही. बऱ्या झाल्यावर त्या भावाकडे गेल्या, तिथून रविवारी एसटीने चर्चला यायला लागल्या. वर्षभराने त्यांनी आपणहून बाप्तिस्मा मागितला. आणखी काही महिन्यांनी आयाची जागा रिकामी झाली, तेव्हा त्या कामावर लागल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. फरशी मात्र अशी पुसायच्या की डॉक्टर चपला काढून आत यायचे.

पहिला चटका मला खुटबावच्या एका म्हाताऱ्यामुळे बसला. बैलाने पाडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. रोज सकाळी माझी प्रार्थना सुरू झाली की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. ऑपरेशनच्या दिवशी मी इंजेक्शन घेऊन गेले, तर त्यांचे हात कापत होते.

मी म्हटलं, "आबा, तुमच्यासाठी प्रार्थना करू का?"

"तुम्ही नगं, सिस्टर. तुम्ही लई मोठं मोठं बोलता," ते म्हणाले. "ती फडकं मारतीया ना, त्या बाईला बोलवा."

मावशींनी फडकं पिळून बादलीवर टाकलं, पदराला हात पुसले आणि खाटेजवळ येऊन उभ्या राहिल्या. "देवा, आबा तुझं हायेत. मी बी तुझी. डॉक्टरचं हात बी तुझंच. आता तू बघ." एवढंच. 'आमेन' म्हणायलाही विसरल्या. आबांनी त्यांचा ओला हात धरून डोळे मिटले आणि त्यांचं कापणं थांबलं. मी इंजेक्शन हातात धरून उभीच.

तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. तिला धड प्रार्थनेचे शब्दसुद्धा येत नव्हते, मग तिच्याकडे असं काय होतं?

ते वॉर्डभर पसरलं. बाळंतीण असो, भाजलेली असो, मावशी कुठे आहेत म्हणून विचारायची. दौंडमधल्याच एक मुस्लिम आजी दम्यासाठी नेहमी दाखल व्हायच्या. त्या मला बघून गोड हसायच्या आणि विचारायच्या, "सिस्टर, मौसी नहीं आई क्या आज?" मावशी शेजारच्या वॉर्डात असल्या तरी मी सांगायचे, "सुट्टीवर आहेत." मग दिवसभर आपण खोटं बोललो म्हणून मन खायचं आणि त्याचाही राग मावशींवरच निघायचा.

त्यातच महिला मंडळाची सभा आली. विषय होता संपूर्ण समर्पण, बोलणार मी. मी पंधरा दिवस तयारी केली. वडिलांची जुनी टिपणं काढली, वह्या भरून वचनं लिहून घेतली. सभेत पाऊण तास बोलले. कुठेही अडखळले नाही. शेवटी पाळकसाहेबांच्या पत्नी सहज म्हणाल्या, "मावशी, तुम्ही पण बोला की दोन शब्द."

मावशी उठल्या. पदर डोक्यावरून घेतला. म्हणाल्या, "सिस्टर बोलल्या त्यातलं मला निम्मं कळलं. मला एवढंच ठावं हाय, मी देवाला समदं दिलं. ठेवून घ्यायला माझ्याकडं तसं बी काय नव्हतं." बायका हसल्या. मावशीही हसल्या, आणि हसता हसता म्हणाल्या, "नवरा तेवढा माझा हुता, तो बी दिला." त्या खाली बसल्या. मग कुणीच हसलं नाही. बायका डोळे पुसत होत्या. सभा संपल्यावर सगळ्या मावशींभोवती, आणि मला जाता जाता एकजण म्हणाली, "छान झालं हं तुमचंही." त्या 'ही' ने मला आठ दिवस झोपू दिलं नाही.

माझे मिस्टर रेल्वेत फिटर. अबोल माणूस. एकदा जेवताना मी मावशींच्या कामातली खोट सांगत बसले होते. ते ताटातून नजर न काढता म्हणाले, "तुला तिचा हेवा वाटतो."

"माझ्या हाताखालच्या आयाचा? मला?"

ते भाकरी संपवून उठले.

दुसऱ्या दिवशी मी ड्युटी चार्ट बदलला. मावशींची कंबर दुखते, त्यांना वॉर्डातली उचलाउचल नको, असं कारण लिहून त्यांना कपड्यांच्या खोलीत टाकलं. पत्र्याची खोली, मागे रुळांच्या बाजूला. रक्ताने भरलेल्या चादरी धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. एप्रिल महिना होता. त्यांनी एवढंच विचारलं, "वॉर्डात अजिबात यायचं न्हाई का?" मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "बरं, सिस्टर."

त्यांनी भांडायला हवं होतं. रडायला, निदान तोंड वाकडं करायला हवं होतं. त्या धुतलेल्या चादरींचे गठ्ठे घेऊन वॉर्डाच्या दाराशी यायच्या, ठेवायच्या आणि परत जायच्या. चादरी इतक्या स्वच्छ कधी नव्हत्या. माझ्याकडे असलेलं सगळं, डिप्लोमा, घराणं, भाषा, आवाज, त्यांच्या त्या 'बरं, सिस्टर' पुढे फिकं पडत होतं. मी देवाला विचारायचे, तिला काय दिलंस जे मला नाही दिलंस? माझी सकाळची प्रार्थना चालूच होती. आता मध्ये कुणी नव्हतं, तरी ती कुणी ऐकत नव्हतं.

मे महिन्यात एक दिवस सकाळी जीपमधून एक बाई बाळंतपणाला आली. विशीतली, घाबरलेली, बरोबर तिची आई. केसपेपर लिहिताना मी नवऱ्याचं नाव आणि गाव विचारलं आणि माझा पेन थांबला. मावशींच्या जुन्या केसपेपरवर तेच नाव मी माझ्या हाताने लिहिलं होतं. ही मावशींची सवत. नवरा फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर उभा होता, आत यायला तयार नव्हता.

दुपारी बाराच्या आत ती मोकळी झाली. मुलगी. दोघी ठीक होत्या. आता तिचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, बाळाला स्वच्छ करायचं, आणि ते आयाचं काम. बायकांच्या वॉर्डात त्या वेळी दुसरी आया होती. मी तिला औषधं आणायला पाठवलं. मग मागे जाऊन कपड्यांच्या खोलीच्या दारातून मावशींना म्हटलं, "आज वॉर्डात या. सहा नंबरच्या खाटेचं सगळं तुम्ही करा."

हे मी मुद्दाम केलं. पुढच्या वर्षांत मी स्वतःला पुष्कळ कारणं देऊन पाहिली, पण खरं कारण एकच होतं. मला त्यांना मोडलेलं बघायचं होतं. सगळ्यांसमोर. नवरा दिला म्हणाली होती ना? बघू आता कसा दिलाय.

मावशी आल्या. सहा नंबरला कोण आहे ते दिसलं तेव्हा हातातलं तपेलं जरा हिंदकळलं, थोडं पाणी सांडलं. खाटेवरच्या पोरीने त्यांना ओळखलं आणि आईचा हात घट्ट धरला. "आये, ह्यांना नगं. ह्यांच्या हातात लेकरू नगं देऊ."

मी त्यांच्याकडे पाठ करून औषधाच्या कपाटासमोर उभी राहिले आणि त्याच्या काचेत बघत राहिले.

मावशी म्हणाल्या, "मी काय करणार न्हाई ग बाई. अंग पुसते तुझं. लेकराला तुझ्या आईच्याच मांडीवर राहू दे." आणि त्यांनी पुसायला सुरुवात केली. हात, मान, पाय. पाणी गार झालं तसं बदलून आणलं. कोरडी चादर घातली, साडीच्या निऱ्या सारख्या करून दिल्या. पोरगी रडायला लागली. मग तिच्या आईनेच बाळ उचलून मावशींपुढे धरलं. मावशींनी ते घेतलं, कोमट पाण्याने पुसलं, दुपट्यात गुंडाळलं आणि परत दिलं. प्रार्थनासुद्धा केली नाही. तपेलं उचलून निघून गेल्या.

मी हरले होते. माझ्या मनात दया नव्हती, कौतुक नव्हतं. होता तो नुसता राग. मी त्यांच्या मागोमाग गेले. काय बोलायचं ठरवून गेले होते ते आज आठवत नाही, पण चांगलं नव्हतं.

कपड्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मावशी मोरीपाशी बसून ओली चादर धुण्याच्या दगडावर आपटत होत्या. चादर स्वच्छ होती. तरी त्या आपटत होत्या आणि रडत मोठ्याने बोलत होत्या. "न्हाई जमत मला! ऐकतोस का? न्हाई जमत. तिची कूस भरली, माझी का न्हाई? मी तुला दिलं हुतं ते पुन्हा माझ्याच हातात आलंय बघ. घे हे. घे म्हंते ना!" आणि पुन्हा चादर दगडावर.

मी दारात थिजले. त्यांनी वळून पाहिलं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, मी मुद्दाम पाठवलं तुम्हाला. मला ठाऊक होतं ती कोण आहे."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. नाक पदराला पुसलं. "हितं टाकलंत ते बी मुद्दाम. माझी कंबर कवा दुखली?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पहिलं आठ दिस तुमच्या नावानं बोटं मोडली. तुमची बदली व्हावी म्हून देवाकडं मागणं मागितलं." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पन सिस्टर, मला एक कळलं न्हाई. तुम्हाला समदं हाय. माझ्याकडचं काय पायजे हुतं तुम्हाला?"

मी खाली बसले, ओल्या फरशीवर, युनिफॉर्मसकट. सांगितलं. आबांपासून सगळं, त्या दम्याच्या आजींशी बोललेलं खोटंसुद्धा. सांगताना मला वाटत होतं, हे ऐकून त्या मला जवळ घेतील. त्यांनी घेतलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला वाटलं, मी एकदा दिलं आन् मोकळी झाले? रोज द्यावं लागतं ओ. कवा कवा दिसातनं धा बारी." मग थकून म्हणाल्या, "आता तुम्ही करा प्रार्थना. माझ्यात आज जीव न्हाई."

मी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा मला सुरुवात सापडेना. वडिलांचं एकही वाक्य आठवेना. मागून मालगाडी गेली, पत्रे खडखडले. मग म्हटलं, "प्रभू, मला हिचा हेवा वाटतो. तो माझ्याच्याने सुटत नाही. तू घे." मावशी म्हणाल्या, "आमेन."

दुसऱ्या दिवशी चार्टवर त्यांचं नाव वॉर्डात लिहिलं. मेट्रनकडे जाऊन खरं कारणही सांगितलं. त्यांनी मला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही, पण त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. सवतीला तिसऱ्या दिवशी सोडलं, तेव्हा मावशी जीपपर्यंत बाळाला घेऊन गेल्या. नवऱ्याने मान वर केली नाही. सकाळची प्रार्थना आम्ही आलटून पालटून करायला लागलो. मावशींच्या पाळीला आबांसारखी माणसं उठून बसायची, माझ्या पाळीला अजूनही काहीजण भिंतीकडे वळायचे. हेवा गेला का? नाही. सकाळी दिलेला दुपारच्या जेवणापर्यंत परत आलेला असायचा. फक्त आता तो आला की मला ओळखू यायचा.

दोन हजार सालानंतर दवाखाना हळूहळू बंद पडत गेला. मावशी शिरूरला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला गेल्या. पुढे एकदा मी माहेरी गेले असताना त्यांना भेटायला गेले. त्यांच्याभोवती दहा-पंधरा मुलींचा गराडा, कुणी गळ्यात पडतेय, कुणी परीक्षेसाठी देवाला सांगा म्हणून पदर ओढतेय. मला पुन्हा तोच जुना हेवा वाटला. मुली पांगल्यावर मी त्यांना ते सांगून टाकलं.

मावशी खदखदा हसल्या. "आजून व्हय?"

"अजून."

"मग द्या की पुन्हा देवालाच. आन् हात धुवून या. साठ चपात्या व्हायच्यात."

मी लाटायला बसले, त्या भाजायला. माझ्या चपात्या त्यांनी आधी लाटून ठेवलेल्या चपात्यांपेक्षा जास्त गोल होत्या, आणि ते माझ्या लक्षातही आलं.