तोंडमास्तरांच्या पोटावर मास्क

कार्टून काढायच्या कंपनीत कामं काय कमी असतात? कुणी झाडं रंगवतो, कुणी ढग सरकवतो. आपल्या गृहस्थाकडे तीस वर्षं फक्त तोंडं होती. पात्र ‘आ’ म्हणालं की जबडा उघडा, ‘ओ’ म्हणालं की ओठांचा चंबू. टेबलावर आरसा ठेवायचा, स्वतःचंच थोबाड वेडंवाकडं करायचं आणि कागदावर उतरवायचं. नव्या टायपिस्टबाईंनी पहिल्याच दिवशी ते पाहून डॉक्टरांना फोन लावला होता. तेव्हापासून ते सगळ्यांचे तोंडमास्तर.

मग महासाथ आली. साहेबांनी, म्हणजे दिग्दर्शकांनी, मोठ्या माणसांसाठी कार्टूनमालिका काढली. साथीची टिंगल, पुढाऱ्यांची खिल्ली, सगळं झणझणीत. पाचव्या भागाच्या बैठकीत साहेब म्हणाले, “आता सगळ्या पात्रांना मास्क. तोंडं नकोतच. मास्तर, सोमवारपासून तुम्ही आराम करा.”

मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. “पण साहेब, बोलतंय कोण ते कळणार कसं?”

“बोलतो फक्त मंत्री. त्याचा मास्क हनुवटीला. त्याची तोंडं तुम्ही आधीच काढून ठेवलीत. नर्स, वॉचमन, सफाईवाली मागे उभी असतात. त्यांना वाक्यं कशाला?”

गरिबांची बाजू घेणारी मालिका होती हो! बाजू घेतली होती, फक्त बोलू द्यायचं राहून गेलं होतं.

मास्तरांची बायको इस्पितळात वॉर्ड पुसायची. संध्याकाळी घरी येऊन ती दाराशीच थबकली. मास्क अजून तोंडावर. नवऱ्याचा पडलेला चेहरा पाहिला, सगळी हकिगत ऐकली आणि तिनं सुरुवात केली.

“मागे उभी असतात? अहो, आम्ही फरशी सोडून मागे उभ्या राहिलो असतो तर तुमचा मंत्री पुढे घसरून पडला असता! आज एक मोठे साहेब आले, मास्क गळ्यात, आणि मला सांगतात अंतर ठेवा. मी म्हटलं, आधी नाकावर ओढा, मग शहाणपण शिकवा.”

मास्तर टक लावून बघतच राहिले.

“असे काय बघताय? मला काय शिंगं फुटलीत?”

“बोल, बोल. थांबू नकोस!”

ओठ दिसत नव्हते, तरी बाई लख्ख दिसत होती. श्वास घेताना कापड आत जायचं, शब्दाला फुगायचं, गाल वर चढायचे, आणि डावी भुवई तर जणू स्वतंत्र नोकरीला होती. तीस वर्षं आरशात स्वतःलाच बघत बसलेल्या माणसाला हे नवीनच होतं.

सोमवारी आराम सोडून मास्तर कंपनीत हजर. पडद्यावर त्यांनी घरी जागून काढलेली सफाईवाली मास्कमधून मंत्र्याला म्हणाली, “आधी नाकावर ओढा, मग शहाणपण शिकवा.” अख्खी खोली खो खो हसली. साहेबही हसले. मग म्हणाले, “झकास! पण वाक्य मंत्र्याला द्या. तो तिला झापेल.”

मास्तरांची नोकरी त्या एका ‘हो’वर लटकली होती. त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली.

“देतो की साहेब. पण ही करामत मास्क नाकावर असेल तरच जमते. मंत्र्याचं तोंड झाकावं लागेल.”

साहेब विचारात पडले. मंत्री आणि झाकलेलं तोंड? शेवटी सफाईवालीचं वाक्य सफाईवालीलाच राहिलं, आणि मास्तरांचं टेबलही.

भाग गाजला. साहेबांची टीव्हीवर मुलाखत झाली. “ज्यांना आवाज नाही, त्यांना आम्ही आवाज दिला,” असं ते म्हणाले. मास्क हनुवटीला.

“आवाज नाही?” बायको टीव्हीवर खेकसली. “चार मजल्यांवर ऐकू जातो माझा!”

मग भाग पुन्हा लागला. शेवटी साहेबांचं नाव पडदाभर आलं, आणि खाली बारीक अक्षरांत ओळ: यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत.

बायकोनं ती दोनदा वाचली. “मी काल्पनिक? मग उद्या पहाटे वॉर्ड पुसायला कोण जाणार, तुमचे साहेब?”

मास्तरांनी घाईघाईनं पेन्सिल शोधली. या वेळी उजवी भुवई चढली होती.