कापडवाल्याच्या मुलाची गोष्ट

२००४ साली मी इंग्लंडमध्ये श्रूजबरीला मुलाकडे राहत होते. शाळा माझी चौथीपर्यंतची. इंग्रजी शिकले ती नातीच्या पुस्तकांवर. तिने लायब्ररीतून इटलीतल्या एका संताचं चित्रांचं पुस्तक आणलं होतं. डिक्शनरी मांडीवर घेऊन महिनाभर तेच वाचलं. आठशे वर्षांपूर्वीचा माणूस, बाप बडा कापडवाला. मुलाने दुकानातलं कापड विकून पैसे चर्चला दिले म्हणून बापाने बिशपपुढे उभं केलं, तर या मुलाने अंगावरचे कपडेसुद्धा काढून बापाला परत दिले! मग पडकं चर्च स्वतः दगड वाहून बांधलं, भीक मागून जेवला. तसंच राहणारे आणखी येऊन मिळाले आणि त्यांचा पंथ झाला.

ही गोष्ट मी मैत्रिणीला सांगितली. तीही मुलाकडेच राहायची. गाडी आम्हा दोघींनाही चालवता येत नव्हती, म्हणून तिची सून दर रविवारी दोघींना ज्येष्ठांच्या मेळाव्याला न्यायची, आणायची.

"अगं बाई, हे सगळ्यांना सांग की!" मैत्रीण म्हणाली. "वीस मिनिटं मागून घे."

मागितली, मिळाली. जन्मात चार माणसांपुढे बोलले नव्हते हो मी. पोळ्या लाटताना घोकत होते, पोळ्या करपत होत्या.

त्या रविवारी मेळाव्याच्या हॉलवर गेले तर कार्यक्रमाच्या कागदावर माझ्या नावावर काट. "मावशी, तुमचं कॅन्सल केलं," एक गृहस्थ म्हणाले. "उगाच धर्मप्रचार वाटायचा."

मैत्रीण कानाशी लागली, "माझी सून कमिटीत आहे ना, तिला नाही आवडलं. तिच्या घरात राहते मी, काय बोलणार?"

मला तिचीच दया आली. माझ्या वीस मिनिटांत तिने भजनं म्हटली. टाळ्या वाजवल्या मी, चांगल्या जोरात.

परतताना सून गाडी चालवता चालवता म्हणाली, "काकू, सॉरी हं. मी म्हणत होते, राहू दे, छान गोष्ट आहे. पण आईच म्हणाल्या, लोक नावं ठेवतील, त्यापेक्षा मी भजनं म्हणते."

मैत्रीण पुढच्या सीटवर होती. मागे वळलीच नाही. पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

"तुझ्याच भल्यासाठी गं," शेवटी म्हणाली. "अडखळली असतीस. हसले असते लोक."

कमिटीने नको म्हटलं असतं तर मी दोन दिवसांत विसरले असते. पण ही? हिनेच तर मला पुढे ढकललं होतं.

सून बिचारी म्हणाली, "मला सांगा ना काकू, आत्ता." सांगितली. एकदाही अडखळले नाही. बापाला कपडे दिले तिथवर आले आणि आमचं घर आलं.

"पुढे?" सुनेने विचारलं.

"पुढचं तुझ्या सासूबाईंना पाठ आहे, त्या सांगतील," म्हटलं आणि उतरले.

पुढच्या रविवारी दारात हॉर्न वाजला. मुलाला म्हटलं, जाऊन सांग, आईचे गुडघे दुखताहेत. गुडघे माझे ठणठणीत होते.