आधी पाळी, मग उपास

सासूबाई सालवडला कारखान्यातल्या कामगारांना डबे पुरवतात. मी घरी बसून वेबसाइट बनवण्याचं काम करते, म्हणून त्यांनाही एक पान करून दिलं. कामगारानं आपली पाळी आणि उपासाचा वार टाकायचा, डब्यात काय भरायचं ते पान सांगणार. आतला कोड मात्र फंक्शनच्या पोटात फंक्शन, कंसात कंस असा. चालत होता, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नव्हते.

एका बुधवारी सकाळी रातपाळीचा एक डबा भरलेलाच परत आला. त्या माणसाचा मंगळवारचा उपास, आणि डब्यात बोंबलाचं कालवण. त्याची जेवणाची सुट्टी रात्री बारानंतर, तेव्हा पानाच्या लेखी बुधवार लागलेला. बिचारा रात्रभर चहावर राहिला आणि तक्रार न करता डबा ठेवून गेला. सासूबाईंना तेच लागलं.

“माज्या हातनं त्याचा उपास मोडला असता. तुजा पान नको. आमी डोक्यात ठेवत होतो तेच बरा.”

मला राग आला. पानाचा, आणि थोडा त्यांचाही. पण तो भरलेला डबा समोर होता; मी लॅपटॉप उघडला.

आमच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत नुकताच पाइप ऑपरेटर आला होता. एका फंक्शनमधून निघालेलं पुढच्याच्या हातात द्यायचं. एकेक ओळ, वरून खाली. मी कंस सोडवत बसले, फंक्शनांना मराठी नावं दिली आणि लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेले. त्या भाकरी थापत होत्या. मी वाचलं, “ऑर्डर घे. तारीख लाव. उपास बघ. पाळी बघ. भाजी ठरव.”

थापणारा हात थांबला. माझीही जीभ ‘पाळी बघ’पाशीच अडखळली होती.

“पाळी मागनं?” त्या म्हणाल्या. “रातपाळीवाल्याचा मंगळवार उजाडल्याबिगर संपत नाय गो.”

पाळीची ओळ उचलून मी तारखेच्याही वर नेऊन ठेवली, म्हणजे तारीख पाळी बघूनच लागणार. एवढंच. कंसांच्या त्या गुंत्यात हे करायला मी धजले नसते.

“एक मंगळवार बघते,” सासूबाई म्हणाल्या.

त्या मंगळवारी त्याच रातपाळीवाल्याच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी गेली. सकाळी डबा आला तो धुतलेला, आणि आत प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा. रिकामा डबा कोण परत करतं? सासूबाईंनी तुकडा मोडला, मोठा भाग माझ्या हातावर ठेवला.

“आता शनवारवाल्यांचा वाचून दाव,” त्या म्हणाल्या.